५ टक्के जागा आणि ताशी २० मिनिटं

जून-जुलैत प्रवेशाची गर्दी सुरू झाली की दिव्यांग मुलांच्या बाबतीत कॉलेजच्या खिडकीवर दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक : "कोट्यातून सीट भेटनी ना? आते आखो काय जोयजे तुले?" (आता आणखी काय हवं तुला?) दुसरं : "चाळीस टक्के नाहीत ना, मग रायटर कसा मिळेल?" (रायटर म्हणजे परीक्षार्थी सांगेल ती उत्तरं लिहून देणारा लेखनिक.) बोलणाऱ्याच्या मनात खोट असतेच असं नाही. पण दोन्ही वाक्यांत राखीव जागा आणि शिकताना, परीक्षा देताना लागणारी सोय यांची सरमिसळ झालेली असते, आणि तिचा भुर्दंड मुलाला पडतो.

कायदा दोन्हीला एकच : दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याचं कलम ३२ राखीव जागांचं. सरकारी आणि सरकारी अनुदान घेणाऱ्या उच्च शिक्षण संस्थांनी किमान ५ टक्के जागा ठेवायच्या आणि वयोमर्यादेत ५ वर्षांची सूट द्यायची. १९९५च्या जुन्या कायद्यात हाच आकडा ३ टक्के होता. या जागेसाठी दिव्यांगत्व किमान ४० टक्के असल्याचं प्रमाणपत्र लागतं, आणि तशी अट असणं समजण्यासारखं आहे. २० जागांच्या एम.ए.च्या वर्गात ५ टक्के म्हणजे एकच जागा. ती मागणारे चार जण आले तर कुठेतरी रेघ ओढावीच लागते. हे आरक्षण समांतर असतं, त्यामुळे धडगावच्या दिव्यांग पावरा मुलाला अनुसूचित जमाती की दिव्यांग, असं एकच काहीतरी निवडावं लागत नाही. प्रवेश झाला, की कलम ३२चं काम संपलं.

सोयीचं काम तिथून पुढे सुरू होतं. कलम १६ आणि १७ सांगतात की संस्थेने प्रत्येक विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे सोय करावी, आणि अभ्यासक्रमात व परीक्षापद्धतीत योग्य ते बदल व्हावेत. जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट ही उदाहरणं कायद्यातच दिली आहेत. इथे संस्था अनुदानित असण्याची अट नाही, सरकारमान्य असली तरी पुरे. म्हणून "आम्ही विनाअनुदानित आहोत" हे उत्तर राखीव जागेबाबत एक वेळ चालेल, लेखनिक नाकारताना चालणार नाही. वाजवी सोय नाकारणं हा याच कायद्याच्या व्याख्येत भेदभाव आहे.

एसटीत सीट आरक्षित झाली म्हणून बसची पायरी आपोआप खाली येत नाही. कोट्यातून आलेल्या मुलाला सोयही मिळते, आणि खुल्या गुणवत्ता यादीतून आलेल्या ७० टक्के दिव्यांग मुलीचा सोयीचा हक्क कोटा न वापरल्यामुळे बुडत नाही.

आता त्या चाळीस टक्क्यांचं. लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या एका उमेदवाराला केंद्रीय लोकसेवा आयोगाने लेखनिक नाकारला होता, कारण त्याचं दिव्यांगत्व ४० टक्क्यांच्या रेघेत बसत नव्हतं. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सांगितलं, की ही रेघ आरक्षणासारख्या ठरावीक लाभांसाठी आहे, लेखनिकाची सोय तिच्यात अडकवता येणार नाही. पाठोपाठ १० ऑगस्ट २०२२ला केंद्राच्या मार्गदर्शक सूचना आल्या : ४० टक्क्यांपेक्षा कमी दिव्यांगत्व आहे, पण लिहायला अडचण आहे, अशांनाही लेखनिक आणि जादा वेळ मिळेल. मात्र तसं वैद्यकीय समितीचं प्रमाणपत्र हवं.

आपल्याकडे, खानदेशात, याचा अर्थ काय ते सांगतो. चाऱ्याच्या कुट्टी मशीनमध्ये उजव्या हाताची दोन बोटं गेलेली मुलं यावल-रावेरपासून शिरपूरपर्यंत कुठल्याही गावात दिसतात. अशा मुलाची टक्केवारी चाळिशीच्या आत भरली, तर कोटा नाही. पण तीन तासांचा पेपर त्याच हाताने लिहायचा असेल, तर लेखनिक मागायला तो पात्र ठरू शकतो. एक डोळा पूर्ण गेलेला आणि दुसरा ठणठणीत असेल, तर ठरलेल्या मोजणीप्रमाणे ३० टक्के होतात. त्यालाही कोटा नाही, पण फळा नीट दिसेल त्या बाजूची जागा मागायला टक्के कशाला लागतात? यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा, रंगसुद्धा हेच दाखवतो : ४० टक्क्यांच्या आत पांढरं, त्यावर पिवळं, ८०च्या पुढे निळं. पांढरं कार्ड बिनकामाचं समजून घरी ट्रंकेत ठेवू नका.

नंदुरबार जिल्ह्यासाठी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा मुद्दा वेगळा सांगायला हवा, कारण तो सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे. जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, नव्यात २१ आहेत, आणि त्यांत सिकलसेल आजार आहे. (फक्त वाहक असणं, म्हणजे आई-बापांपैकी एकाकडूनच तो दोष आलेला असणं, म्हणजे आजार नव्हे.) अक्कलकुवा, धडगाव, तळोद्याकडच्या आदिवासी कुटुंबांना हा आजार चांगलाच माहीत आहे. मुलगा दिसायला धडधाकट असतो, हात-पाय-डोळे शाबूत, त्यामुळे वर्गात कुणाला काही कळत नाही. मग एक दिवस हाडं ठणकायला लागतात आणि तो आठवडाभर दवाखान्यात. शरीरातलं पाणी कमी झालं, थंडी लागली, अतिश्रम झाले की दुखणं उसळतं. आता आपल्या सेमिस्टर परीक्षांच्या वेळा बघा : एक सातपुड्याच्या थंडीच्या तोंडावर, दुसरी एप्रिल-मेच्या फुफाट्यात! या मुलाला जादा वेळेचा उपयोग थोडाच. त्याला लागते पाण्याची बाटली बाकावर ठेवायची मुभा, लघवीला जायची परवानगी, तळमजल्यावरची पंख्याखालची जागा, आणि दुखण्यात बुडालेली अंतर्गत चाचणी पुन्हा द्यायची संधी. हजेरीचा हिशोब करतानाही त्याचे दवाखान्यातले दिवस वेगळे धरावेत. यातल्या बहुतेक गोष्टींना एक रुपया लागत नाही, तरी त्या मिळत नाहीत. त्याला सांगितलं जातं, "तुला रायटर हवा असेल तर अर्ज कर." छापील यादीतून सोय वाटली की असं होतं.

लेखनिकाच्या बाबतीतही तपशिलात घोळ होतो. केंद्राच्या २०१८च्या सूचनांप्रमाणे लेखनिक घेणाऱ्याला ताशी किमान २० मिनिटं जास्त मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्याने लेखनिक घेतला नाही, तरी तो जादा तास मागता येतो, आणि हे बऱ्याच मुलांना कुणी सांगतच नाही. लेखनिकाचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा कमी असावं लागतं. नियम योग्य आहे, पण इंग्रजी माध्यमातल्या बी.एस्सी.चा पेपर मराठी माध्यमातल्या अकरावीच्या मुलाने लिहायचा म्हटलं, की स्पेलिंग आणि सूत्रं एकेक अक्षर सांगण्यातच वाढीव तास खर्ची पडतो. म्हणून दोघांनी आधी दोन-तीन जुन्या प्रश्नपत्रिका एकत्र सोडवलेल्या बऱ्या. आणि यातून गुण वाढत नाहीत. प्रश्नपत्रिका तीच, उत्तीर्ण व्हायची रेघही तीच.

कर्णबधिर मुलांना लेखनिक बहुधा नकोच असतो. पेपर सुरू असताना पर्यवेक्षक तोंडी सांगतो, "तिसऱ्या प्रश्नात दुरुस्ती करून घ्या." ते फळ्यावर लिहून द्यावं, एवढंच त्यांचं मागणं.

सोयीला मर्यादा आहे. संस्थेवर अवाजवी बोजा पडू नये, असं कायदाच म्हणतो. जुन्या इमारतीत याच महिन्यात लिफ्ट बसवा, ही मागणी कदाचित टिकणार नाही. व्हीलचेअरवरच्या मुलीचा वर्ग दुसऱ्या मजल्यावरून खाली आणा, ही मात्र टिकेल.

कामाची पद्धतही दोन्हीकडे वेगळी. जागेसाठी जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या सिव्हिलमधून तपासणी करून प्रमाणपत्र प्रवेश फेरीच्या आधी हातात हवं, एकदा फेरी गेली की गेली. सोयीसाठी सत्राच्या सुरुवातीलाच प्राचार्यांच्या नावे अर्ज द्या. नुसतं "सवलत मिळावी" असं लिहू नका. काय हवं ते एकेक करून लिहा, प्रमाणपत्र जोडा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक घ्या. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या परीक्षेचं केंद्र दुसऱ्या कॉलेजात आलं असेल, तर त्या केंद्रप्रमुखांकडेही एक प्रत आठवडाभर आधी पोचती करा. पेपरच्या दिवशी सकाळी गेटवर समजावत बसलं, तर पहिला अर्धा तास तिथेच जातो. नकार आला तर तो लेखी मागा, कारण पुण्यातल्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करताना पहिल्यांदा तोच कागद लागतो.