फ्लिप्ड क्लासरूम : इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी ऑनलाईन टूल्सचा वापर (नागपूर)

फ्लिप्ड क्लासरूम म्हणजे सर किंवा मॅडम फळ्यावर जे समजावून सांगतात ते मुलांनी आधीच घरी व्हिडीओत बघून यायचं, आणि एरवी जो होमवर्क घरी जातो तो वर्गात, शिक्षक जवळ असताना करायचा. अमेरिकेत कोलोराडोमधल्या वुडलँड पार्क हायस्कूलचे केमिस्ट्रीचे शिक्षक जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स यांनी २००७ मध्ये गैरहजर मुलांसाठी आपले तास रेकॉर्ड करायला घेतले, तिथून ही पद्धत गाजली. कल्पना मात्र त्याच्या आधीची आहे, हार्वर्डचे एरिक मझूर १९९० च्या दशकातच मुलांना वाचून यायला सांगून फिजिक्सचा तास चर्चेत घालवायचे.

सुरुवात सायन्सवाल्यांनी केली पण खरा उपयोग भाषेच्या तासाला आहे. नागपुरात घरी मराठी, बर्डीच्या बाजारात दुकानदाराशी हिंदी, मग इंग्रजी बोलायचं कुठे? मराठी शाळांत २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी बारावी झालेली कितीतरी मुलं सलग चार वाक्यं बोलताना अडखळतात, कारण सगळा पिरियड धड्याचा मराठी अर्थ सांगण्यात आणि व्याकरणाचे नियम उतरवण्यात जातो. बोलायला मिळते ती जागा एकच, वर्ग, आणि तिथे बोलून राहिले फक्त सर.

प्रश्न विचारायचा धडा घ्या. मराठीत 'तू काल कुठे गेला होता' मध्ये शब्दांची जागा बदलावी लागत नाही, म्हणून मुलं 'व्हेअर डिड यू गो' ऐवजी 'व्हेअर यू वेंट' म्हणतात. यावर पाच-सहा मिनिटांचा व्हिडीओ पुरतो, सांगायचं मराठीत, उदाहरणं इंग्रजीत. एडपझल या व्हिडीओत प्रश्न घालायच्या वेबसाईटवर तो मध्येच थांबवून प्रश्न टाकता येतो, पुढे ढकलणं बंद करता येतं आणि कोणी कुठवर बघितलं तेही दिसतं. गुगल फॉर्मवर तीन-चार प्रश्न दिले तरी चालतं. सकाळी उत्तरं बघितली की शिक्षकाला कळतं की 'डिड' नंतर 'वेंट' लिहिणारे निम्मे आहेत, मग तेवढंच दुरुस्त करून मुलांना जोड्यांत बसवायचं आणि काल संध्याकाळचं सगळं एकमेकांना इंग्रजीतून विचारायला लावायचं, फुटाळा तलावावर गेला होता का, कोणासोबत, काय खाल्लं, परत कधी आला. शिक्षक बेंचाबेंचांतून फिरतो, ऐकतो, चुकलं तिथं हळूच सांगतो. लाजणारं पोरगंसुद्धा एकाच मित्रासमोर बोलायचं असलं की बोलतं!

महागडं काही लागत नाही. यूट्यूबवर स्पीड ०.७५ करून कॅप्शन लावलं की उच्चार नीट कळतात आणि मागे नेऊन परत ऐकता येतं, वर्गात सरांना चारदा 'परत सांगा' म्हणायची हिंमत होत नाही. व्हॉट्सॲपवर अर्ध्या मिनिटाची व्हॉइस नोट हा तर सगळ्यात सोपा बोलण्याचा सराव. बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड २०१७ मध्ये सुरू झालेल्या सरकारी दीक्षा ॲपवरून उघडतात. क्विझिझ (आता नाव वेग्राउंड), कहूत हे प्रश्नमंजुषेचे ऑनलाईन खेळ उजळणीला बरे.

अडचण मोबाईलची. हिंगणा एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या बापाजवळ घरातला एकच स्मार्टफोन असतो, तो रात्री येतो आणि तोवर पोरं झोपायला आलेली असतात, म्हणून व्हिडीओ दोन दिवस आधी द्यावा, छोटा द्यावा, डाउनलोड करून ठेवता येईल असा द्यावा. ज्याला जमलंच नाही त्याला पिरियडच्या सुरुवातीला मागच्या बेंचवर शिक्षकाच्या फोनवर बघू द्यावं. त्याला रागवू नये. पण सगळ्या वर्गाला तोच व्हिडीओ तोंडी परत शिकवू नये, एकदा तसं केलं की पुढच्या वेळी बघून कोण येणार? ही पद्धत बसते की फसते ते बहुतेक इथंच ठरतं. मार्च-एप्रिलमध्ये विदर्भात सकाळची शाळा लागते आणि पिरियड आखूड होतात, त्या दिवसांत समजावणं घरी गेलेलं असलं की बोलायला वेळ उरतो.

पहिली-दुसरीच्या लेकरांना हे लागू करायला जाऊ नये. त्यांना गाणं, हावभाव आणि समोर उभी असलेली बाईच लागते, पाचवी-सहावीपासून पुढे, वाचता यायला लागल्यावर, हळूहळू आठवड्यातून एका पिरियडपासून सुरू करावं.