नेटवर्क जुळलं, पण आकडा ताजा आहे का?

रबाळे, तारापूर, अंबरनाथ, कुठल्याही एमआयडीसीतलं पॅनेल उघडा. दोन-तीन पिढ्यांची उपकरणं शेजारी-शेजारी दिसतात. पीएलसी (मशीन चालवणारा नियंत्रक) प्रोफिनेट या इथरनेटवरच्या प्रोटोकॉलवर (संवादाच्या नियमांवर), ऊर्जा मीटर आणि ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारं उपकरण) १९७९ साली आलेल्या मॉडबस प्रोटोकॉलवर, आणि एखादं आयात मशीन कंपनीच्या स्वतःच्या बंदिस्त प्रोटोकॉलवर. त्यांच्या मधे गेटवे, म्हणजे दुभाषा, बसतो. तो मॉडबसची रजिस्टर्स (उपकरणातले आकड्यांचे कप्पे) वाचून आपल्या मेमरीत ठेवतो आणि पीएलसी ती तिथून उचलतो.

मॉडबस ज्यावरून धावतो ती आरएस-४८५ ची केबल एका उपकरणातून पुढच्याकडे न्यावी, मधूनच लांब फाटे काढू नयेत. १२० ओहमचा रेझिस्टर फक्त दोन टोकांना. काहीच प्रतिसाद नसेल, तर बॉड रेट (संवादाचा वेग), पॅरिटी (चूक पकडणारा जादा बिट) आणि उपकरणाचा पत्ता तपासून ‘ए’ आणि ‘बी’ तारा अदलाबदल करून पाहा. ही अक्षरं सगळे उत्पादक एकाच अर्थाने छापत नाहीत.

संवाद सुरू झाला तरी आकडे चुकू शकतात. ३२ बिटांचा दशांश आकडा दोन रजिस्टरांत मावतो. ५० हर्ट्झ म्हणजे हेक्समध्ये (सोळाच्या अंकपद्धतीत) ४२४८ आणि ००००. हीच जोडी उलटी वाचली, तर उत्तर इतकं सूक्ष्म येतं की स्क्रीनवर चक्क ०.०० दिसतं. मग मीटरच खराब म्हणून बदलला जातो! सगळे आकडे एका घराने सरकलेले असतील, तर ४०००१ म्हणजे पत्ता ० की १, हे मॅन्युअलमध्ये पाहा.

सर्वांत घातक चूक वेळेची. ९६०० बॉडवर, पॅरिटीसह, दहा रजिस्टर्स वाचायला सुमारे ३८ मिलिसेकंद लागतात. उपकरणाचा विचारवेळ धरून ५०. वीस मीटर म्हणजे पूर्ण फेरीला एक सेकंद. त्यातला एक बंद पडला आणि टाइमआउट (उत्तराची वाट पाहण्याची मुदत) १ सेकंद, प्रयत्न तीन असतील, तर फेरी जवळपास चार सेकंदांवर जाते. पीएलसी मात्र दर १० मिलिसेकंदांनी तोच शिळा आकडा वाचत राहतो. कित्येक गेटवे संपर्क तुटल्यावरही शेवटचा आकडा धरून ठेवतात. टाकीची पातळी असेल, तर पंप चालूच राहील आणि टाकी वाहील. म्हणून प्रत्येक उपकरणाचा स्टेटस बिट (संपर्क आहे की नाही हे सांगणारा) पीएलसीत घ्या, आणि तो पडला की आकडा अवैध ठरवून अलार्म द्या.

बंदिस्त प्रोटोकॉलचा रजिस्टर तक्ता उत्पादक देत नसेल, तर अंदाजाने उलगडत बसण्यात अर्थ नाही. ‘चालू’, ‘बंद’, ‘फॉल्ट’ हे रिले संपर्कांवरून आणि एखादं मोजमाप ४-२० मिलिअँपिअरच्या विद्युत सिग्नलवर घ्यावं.

कमिशनिंगच्या (यंत्रणा तपासून सुरू करण्याच्या) दिवशी एका मीटरची तार मुद्दाम काढा. स्क्रीनवरचा आकडा तसाच राहिला, तर काम ताब्यात घेऊ नका.