स्मृतिभ्रंशावरील औषधोपचार

स्मृतिभ्रंश, म्हणजेच डिमेन्शिया, हा अनेक आजारांतून उद्‌भवणारा लक्षणसमूह असून अल्झायमर हे त्याचे सर्वांत मोठे कारण आहे. अल्झायमर बरा करणारे औषध अद्याप नाही. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा थायरॉइडचा विकार यांमुळेही विसरभोळेपणा येतो, म्हणून आधी रक्ततपासणी करतात.

अल्झायमरमध्ये मेंदूतील ॲसिटिलकोलीन, म्हणजे पेशींमध्ये निरोप पोहोचवणारे रसायन, कमी पडते. ते मोडणाऱ्या विकराला (एन्झाइमला) डोनेपेझिल, रिवास्टिग्मीन आणि गॅलँटामीन ही औषधे अडवतात. डोनेपेझिलला अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळाली. सुरुवात बहुधा ५ मिलिग्रॅमने होते आणि चार ते सहा आठवड्यांनी मात्रा १० वर नेतात. मळमळ, जुलाब, नाडी मंदावणे हे त्रास संभवतात. रात्री भलतीसलती स्वप्ने पडू लागली, तर गोळी सकाळी देतात. रिवास्टिग्मीनची त्वचेवर लावायची पट्टीही मिळते. कालची न काढता आजची लावली, तर मात्रा दुप्पट होऊन जिवावर बेतू शकते. मध्यम ते तीव्र अवस्थेत मेमँटीन देतात.

गुण आला की नाही, हे ठरवणे नाजूक काम. इंदूरसारख्या शहरात ते आणखी अवघड होते. स्मरणशक्तीच्या चाचणीत डॉक्टर हिंदीत विचारतात, ‘कौन सा महीना चल रहा है?’ गुरुपौर्णिमा होऊन गेलेली असते. मराठी घरातल्या आजी म्हणतात, ‘आषाढ’. उत्तर भारतीय पंचांगात मात्र पौर्णिमेनंतर सावन लागलेला असतो. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो, त्यामुळे आजींचे उत्तर बरोबरच. चाचणीच्या कागदावर गुण मात्र कापला जाऊ शकतो. अशा वेळी सून किंवा मुलगा सोबत असलेला बरा. आजी देवपूजा क्रमाने करतात का, दुधाचा हिशेब जमतो का, हे त्यांनाच ठाऊक असते.

लेकानेमॅब (अमेरिकेत पूर्ण मान्यता २०२३) आणि डोनानेमॅब (२०२४) ही शिरेतून द्यायची औषधे मेंदूत साचणारे अमायलॉइड हे प्रथिन हटवतात. ती फक्त सुरुवातीच्या अवस्थेसाठी आहेत. लेकानेमॅबच्या १८ महिन्यांच्या चाचणीत ऱ्हास सुमारे २७ टक्क्यांनी मंदावला. आकडा भारदस्त वाटतो, पण १८ गुणांच्या मापपट्टीवर तो फरक अर्ध्या गुणाहूनही कमी होता. मेंदूला सूज आणि सूक्ष्म रक्तस्राव यांचा धोका असल्याने वारंवार एमआरआय करावा लागतो.

काही औषधे टाळणे हाही उपचारच. सर्दीच्या किंवा ॲलर्जीच्या काही जुन्या, गुंगी आणणाऱ्या गोळ्या ॲसिटिलकोलीनच्या विरोधात काम करतात आणि गोंधळ वाढवतात. चिडचिड शमवण्यासाठी दिलेल्या मनोविकारविरोधी औषधांनी स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांत मृत्यूचा धोका वाढतो; ती अगदी गरजेपुरती आणि थोड्या काळासाठीच देतात.