ऑनलाइन गणिताचं क्रेडिट: तासांच्या हिशोबातून आलेला प्रश्न

अमेरिकेतल्या मराठी घरांत आठवी-नववीच्या मुलांसाठी उन्हाळ्यापूर्वी हा प्रश्न हमखास निघतो: सुट्टीत ऑनलाइन अल्जिब्रा (बीजगणित) किंवा जॉमेट्री (भूमिती) केली, तर शाळा क्रेडिट देईल का, म्हणजे तो कोर्स पूर्ण झाल्याचं धरेल का?

‘क्रेडिट’ची कल्पनाच मुळात तासांची आहे. १९०६ च्या सुमारास कार्नेगी फाउंडेशनने प्राध्यापकांना पेन्शन देऊ केली, पण कॉलेजांनी प्रवेशासाठी हायस्कूलची ठरावीक ‘युनिट्स’ मागावीत, या अटीवर. एक युनिट म्हणजे एका विषयाचे वर्षभरातले साधारण १२० तास. पेन्शनसाठी कॉलेजांनी अट स्वीकारली आणि कॉलेजप्रवेशासाठी हायस्कुलांनी. गणित किती आलं, हे त्या मापात कुठेच नव्हतं.

घरबसल्या क्रेडिट मिळवणं मात्र जुनं आहे. नेब्रास्का विद्यापीठाने १९२९ मध्येच पोस्टाने हायस्कूलचे कोर्स सुरू केले. १९९७ मध्ये फ्लोरिडात सरकारी ऑनलाइन शाळा निघाली. पुढे तिचा निधी विद्यार्थ्याने कोर्स यशस्वीपणे पूर्ण करण्याशी जोडला गेला. हा बदल मला सर्वांत मोलाचा वाटतो. न्यू हॅम्पशायरने २००५ च्या नियमांत तासांऐवजी प्रभुत्वावर क्रेडिट देण्याची वाट मोकळी केली.

बाहेर केलेला कोर्स शाळेने धरावा का, हा तिढा सॅन फ्रान्सिस्कोत स्पष्ट दिसला. २०१४ मध्ये तिथल्या सरकारी शाळांनी आठवीतून अल्जिब्रा काढला. बारावीपर्यंत कॅल्क्युलसला पोहोचायला एक वर्ष कमी पडू लागलं, म्हणून अनेक पालकांनी पैसे भरून बाहेरचे ऑनलाइन कोर्स घेतले. नववीत थेट जॉमेट्री घ्यायची तर नुसतं प्रमाणपत्र चालेना. शाळांची वेगळी चाचणीही पास व्हावी लागे. ज्यांना फी परवडत नव्हती, ती मुलं मागे राहिली.

म्हणून पैसे भरण्यापूर्वी शाळेच्या काउन्सेलरकडून लेखी मंजुरी घ्या. नंतर मागितलेली मंजुरी नाकारली जाऊ शकते. कॅलिफोर्नियात कोर्स ‘ए-जी’ यादीत, म्हणजे कॅलिफोर्निया विद्यापीठाने प्रवेशासाठी मान्य केलेल्या कोर्सच्या यादीत, आहे का, तेही पाहा. सी ग्रेडखाली तो धरला जात नाही आणि जॉमेट्री वगळून पुढे जाता येत नाही. खान अकॅडमी या मोफत वेबसाइटवर सराव उत्तम होतो, क्रेडिट मिळत नाही. मुलाला कॉलेजात खेळायचं असेल, तर एनसीएए या कॉलेज-खेळांच्या संघटनेचे नियमही लागतात: शिक्षकाशी नियमित संवाद आणि कोर्सला ठरलेली मुदत हवी. शेवटी ट्रान्स्क्रिप्ट (अधिकृत गुणपत्रक) ऑनलाइन कोर्स देणाऱ्या संस्थेकडून थेट शाळेला पाठवायला सांगा, आणि ती पोहोचल्याची खात्री नववीचं वेळापत्रक ठरण्याआधी करून घ्या.