सहा मिलिग्रॅमचा हिशेब

इंदुरात रामबागेतल्या एका घरी परवा २०२१ च्या कोविडच्या लाटेत गेलेल्या माणसाच्या आठवणी निघाल्या. घरातल्या काकूंचे म्हणणे असे की, "डॉक्टरांनी स्टिरॉइड फार हात राखून दिले, दुप्पट दिले असते तर माणूस वाचला असता." शेजारी बसलेल्या गृहस्थांचे मत नेमके उलट होते. स्टिरॉइडनेच काळी बुरशी पसरली, तेव्हा ते देऊच नये, असे ते ठासून सांगत होते. औषधाचा परिणाम मात्रेबरोबर सरळ रेषेत वाढतो, हे दोघांनीही गृहीत धरले होते, आणि चूक तिथेच आहे.

आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक तयार करतात. कोविडमध्ये दिले गेलेले डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड म्हणजे त्याचेच प्रयोगशाळेत घडवलेले, कितीतरी प्रबळ भावंड. ते स्निग्ध पदार्थात विरघळणारे असल्यामुळे पेशीच्या आवरणातून सहज आत शिरते. आत पेशीद्रवात त्याचा ग्राही, म्हणजे रिसेप्टर, काही सोबती प्रथिनांच्या कवेत थांबलेला असतो. औषध ग्राहीत बसले की ही कवेची पकड सुटते आणि जोडी केंद्रकात जाते. फुफ्फुसाचा दाह भडकवणाऱ्या अनेक जनुकांना जागे करणारे एनएफ-कप्पा-बी नावाचे प्रथिन तिथे आधीच कामाला लागलेले असते. ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती डीएनए गुंडाळलेला असतो, त्यांवर ॲसिटिल गट चिकटवून घेऊन ते ती गुंडाळी सैल करते, म्हणजे जनुक वाचता येते. औषधासह आलेला ग्राही हिस्टोन डीॲसिटिलेज-२ हे विकर (एन्झाइम) तिथे ओढून आणतो, ॲसिटिल गट काढले जातात, गुंडाळी पुन्हा घट्ट होते आणि इंटरल्यूकिन-६ सारख्या दाहकारक प्रथिनांचे उत्पादन मंदावते. विषाणूला याने काहीच होत नाही. आवरला जातो तो आपल्याच प्रतिकारशक्तीचा अतिरेक.

ग्राहींची संख्या मात्र मर्यादित असते. प्रेडनिसोलोन या दुसऱ्या एका स्टिरॉइडच्या हिशेबाने दिवसाला १०० मिलिग्रॅमच्या आसपास ते जवळजवळ सगळे व्यापले जातात. ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन सुमारे ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या तोडीचे असते, १२ मिलिग्रॅम ८० च्या, आणि २० मिलिग्रॅम १३० च्याही पुढे जाते. नाट्यगृह भरल्यावर आणखी तिकिटे विकली तर दारात गर्दी वाढते, पण नाटक काही अधिक रंगत नाही.

हा झाला कागदावरचा तर्क. खरी परीक्षा रुग्णांवरच होते. ब्रिटनमधील 'रिकव्हरी' चाचणीत २०२० साली रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, जास्तीत जास्त १० दिवस दिले गेले. व्हेंटिलेटरवरील रुग्णांतील २८ दिवसांतले मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले, तर नुसता प्राणवायू लागणाऱ्यांत २६.२ वरून २३.३ वर. ज्यांना प्राणवायूची गरजच नव्हती, त्यांना काहीही फायदा दिसला नाही. उलट त्या गटात आकडा १४ वरून १७.८ टक्क्यांवर गेला होता, आणि तो फरक योगायोगाचा असू शकत असला तरी दुर्लक्ष करण्याजोगा नव्हता. कारण पहिल्या दिवसांत विषाणू वाढत असतो, आणि तेव्हा प्रतिकारशक्ती दाबणे म्हणजे चोर घरात असताना पहारेकऱ्याला झोपवणे.

पुढे डेन्मार्क, स्वीडन, स्वित्झर्लंड आणि भारतातील रुग्णालयांत मिळून, भरपूर प्राणवायू किंवा यांत्रिक श्वसन लागणाऱ्या सुमारे १००० रुग्णांवर १२ आणि ६ मिलिग्रॅमची तुलना झाली. १२ मिलिग्रॅमच्या गटात मृत्यू थोडे कमी दिसले, परंतु तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरला नाही. नंतर 'रिकव्हरी'मध्येच, रक्तातला प्राणवायू कमी, पण बाहेरून काहीच न घेणाऱ्या किंवा साधाच प्राणवायू घेणाऱ्या रुग्णांना ५ दिवस २० आणि पुढे ५ दिवस १० मिलिग्रॅम दिले, तेव्हा मृत्यू नेहमीच्या उपचारांतील १२ टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर चढले. काकूंना मी हे आकडे सांगितले नाहीत. ती वेळ नव्हती.

शेजारच्या गृहस्थांचे म्हणणेही अर्धेच खरे आहे. तोच ग्राही दोन-दोनच्या जोडीने थेट डीएनएवर बसला की यकृतात साखर तयार करणारी विकरे वाढवतो. मे २०२१ मध्ये इंदूरच्या एमवाय रुग्णालयाचे वॉर्ड बुरशीच्या रुग्णांनी भरले होते, आणि अशा रुग्णांत मधुमेही फार मोठ्या संख्येने होते. वाढलेल्या साखरेबरोबर रक्त आम्लयुक्त झाले की प्रथिनांना बांधलेले लोह सुटते आणि म्युकरची, म्हणजे हीच काळी, बुरशी त्यावर पोसते. त्यात त्या दिवसांत कापूर-ओव्याच्या पुरचुंडीचा संदेश ज्या फोनवरून यायचा, त्याच फोनवरून स्टिरॉइडच्या गोळ्यांची चिठ्ठीही यायची, आणि साधा ताप आलेला माणूस प्राणवायूची पातळी न मोजताच पहिल्या दिवसापासून त्या घेऊ लागायचा. अतिदक्षता विभागात हेच औषध चालू असते तेव्हा रक्तातली साखर दर काही तासांनी मोजली जाते आणि त्याप्रमाणे इन्सुलिन कमीजास्त केले जाते. घरी आलेल्या त्या चिठ्ठीत ग्लुकोमीटरचा उल्लेखही नसे.