ब्रिटिश मालिकांमधील काळोखाची पार्श्वभूमी

ब्रिटिश मालिकांमधील उदास सूर ही अलीकडच्या गुन्हेकथांची देन आहे, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात त्याची मुळे सत्तर वर्षे मागे जातात. १२ डिसेंबर १९५४ रोजी बीबीसीने जॉर्ज ऑर्वेलच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’ या कादंबरीवरील नाटक थेट प्रक्षेपित केले. त्यातील छळाच्या प्रसंगांवरून तक्रारींचा भडिमार झाला आणि प्रकरण संसदेपर्यंत पोहोचले, तरीही चारच दिवसांनी कलावंतांनी ते नाटक पुन्हा थेट सादर केले.

बीबीसीचा खर्च टीव्ही असलेल्या घरांनी भरलेल्या परवाना शुल्कातून भागत असे, त्यामुळे जाहिरातदाराची मर्जी सांभाळण्याचा प्रश्न नव्हता. याच संस्थेत सिडनी न्यूमन हे कॅनेडियन निर्माते नाट्यविभागाचे प्रमुख झाले आणि १९६४ मध्ये ‘द वेन्सडे प्ले’ ही स्वतंत्र नाटकांची माला सुरू झाली. नव्या लेखकांना आपल्या काळाविषयी लिहायला लावणे, हे तिचे धोरण होते.

तिच्यातील ‘कॅथी कम होम’ १६ नोव्हेंबर १९६६ रोजी दाखवले गेले आणि सुमारे १ कोटी २० लाख लोकांनी ते पाहिले. घर गमावलेले एक तरुण जोडपे निवाऱ्यामागून निवारे बदलत जाते आणि अखेर रेल्वे स्थानकावर सरकारी अधिकारी कॅथीच्या कुशीतून तिची मुले ओढून नेतात. केन लोच यांनी हे सारे बातमीपटासारखे टिपले असल्याने ‘हे नाटक आहे’ असे म्हणून सुटका करून घेण्याची सोय प्रेक्षकाला उरत नाही. अर्थात या मोकळिकीलाही सीमा होती : अणुहल्ल्याचे परिणाम दाखवणारा ‘द वॉर गेम’ बीबीसीने १९६५ मध्ये रोखला आणि तो प्रक्षेपित व्हायला १९८५ उजाडले.

१९८२ मध्ये, बेकारांची संख्या ३० लाखांवर गेली असताना, अ‍ॅलन ब्लीसडेल यांची ‘बॉइज फ्रॉम द ब्लॅकस्टफ’ आली. लिव्हरपूलचा यॉसर ह्यूज दिसेल त्याच्याकडे काम मागत फिरतो आणि मागता मागता त्याचे भान सुटत जाते. बेकारी माणसाच्या खिशाआधी त्याच्या स्वत्वाला कशी पोखरते, हे मला इतक्या नेमकेपणाने अन्यत्र कुठेही दिसलेले नाही. तीन वर्षांनी आलेल्या ‘एज ऑफ डार्कनेस’मध्ये मुलीच्या खुनाचा माग काढणारा यॉर्कशरचा पोलीस अधिकारी अणुउद्योगाच्या गुपितांपर्यंत पोहोचतो. पहिली मालिका पाच भागांची, दुसरी सहा भागांची, आणि प्रत्येकीचा लेखक एकच. माझ्या मते या मालिकांच्या बुद्धिमत्तेचे मूळ इथे आहे, कारण पुढच्या हंगामासाठी नायकाला जपून ठेवायचे नसल्याने लेखक कथेला तिच्या खऱ्या शेवटापर्यंत नेऊ शकतो.

परवाना शुल्क हेच सर्वस्व होते, असे मात्र नाही. जानेवारी २०२४ मध्ये जाहिरातींवर चालणाऱ्या आयटीव्हीने ‘मिस्टर बेट्स व्हर्सेस द पोस्ट ऑफिस’ ही चार भागांची मालिका दाखवली. सदोष संगणकप्रणालीमुळे चोर ठरलेल्या शेकडो उप-डाकपालांची ही हकीकत वर्तमानपत्रांतून कित्येक वर्षे छापून येत होती. मालिकेनंतर त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्यांच्या शिक्षा सरसकट रद्द करणारा कायदा ब्रिटिश संसदेने संमत केला.