ब्रिटनमध्ये रिहॅबिलिटेशनची एमएससी: पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची वाट

फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, नर्सिंग किंवा समाजकार्याची पदवी घेतलेले लोक ब्रिटनमधल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांची यादी उघडतात, तेव्हा सारख्या दिसणाऱ्या नावांत दोन अगदी वेगळे प्रकार मिसळलेले असतात. हा फरक आधी समजून घ्या. तो कळला नाही, तर पुढचा सगळा खर्च आणि सगळी धावपळ चुकीच्या दिशेने होते.

पहिला प्रकार 'प्री-रजिस्ट्रेशन'. दुसऱ्या विषयातली पदवी असलेल्या माणसाला फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून घडवणारा हा अभ्यासक्रम साधारण दोन वर्षांचा असतो. त्यात रुग्णालयातलं प्रत्यक्ष प्रशिक्षण असतं आणि तो पूर्ण केल्यावर व्यावसायिक नोंदणीसाठी अर्ज करता येतो. आधीच त्या व्यवसायाची पदवी असलेल्यांना बहुतेक विद्यापीठं इथे घेत नाहीत. दुसरा प्रकार म्हणजे एमएससी रिहॅबिलिटेशन (आजार किंवा इजेनंतरचं पुनर्वसन), न्यूरोरिहॅबिलिटेशन, ॲडव्हान्स्ड क्लिनिकल प्रॅक्टिस अशा नावांचे अभ्यासक्रम. हे आधीच व्यवसायात असलेल्यांसाठी आहेत. ते ज्ञान वाढवतात, संशोधनाची शिस्त लावतात, पण ब्रिटनमध्ये रुग्ण तपासण्याची नोंदणी देत नाहीत.

ही नोंदणी वेगळी संस्था देते. फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, स्पीच थेरपी, प्रोस्थेटिक्स-ऑर्थोटिक्स अशा एकूण १५ व्यवसायांची नोंदणी हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स काउन्सिल, म्हणजे एचसीपीसी, करते. परिचारिकांसाठी नर्सिंग अँड मिडवाइफरी काउन्सिल आहे आणि इंग्लंडमधल्या समाजकार्यकर्त्यांची नोंदणी डिसेंबर २०१९ पासून सोशल वर्क इंग्लंडकडे आहे. 'फिजिओथेरपिस्ट' हे तिथे कायद्याने संरक्षित पदनाम आहे. एचसीपीसीत नाव नसताना ते लावणं गुन्हा ठरतो, मग हातात एमएससी असो वा नसो. हे सांगताना अनेकांचा हिरमोड होतो, हे मी पाहिलंय. पण कर्ज काढल्यानंतर कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं चांगलं. या लेखात पुढे सगळं दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

कोण अर्ज करू शकतं

आरोग्य किंवा समाजसेवेशी संबंधित पदवी हवी. बीपीटी (फिजिओथेरपी), बीओटी (ऑक्युपेशनल थेरपी), बीएससी नर्सिंग, स्पीच थेरपी, प्रोस्थेटिक्स, समाजकार्य, मानसशास्त्र, आणि काही ठिकाणी वैद्यकीय पदवीही चालते. रिहॅबिलिटेशन हे मुळातच अनेक व्यवसायांनी मिळून करायचं काम असल्यामुळे वर्गात अशी सरमिसळ मुद्दाम ठेवली जाते. काही विद्यापीठं एक-दोन वर्षांचा अनुभव मागतात, काही नुकत्याच पदवी मिळालेल्यांनाही घेतात. गुणांची अट बहुधा 'सेकंड क्लास ऑनर्स' या ब्रिटिश पदवीच्या श्रेणीच्या तोडीची असते. पण भारतीय टक्केवारीत त्याचा अर्थ प्रत्येक विद्यापीठ आपापला लावतं. त्यामुळे मित्राला कुठल्या टक्क्यांवर प्रवेश मिळाला यावर विसंबू नका, त्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचं भारतासाठीचं पान बघा.

इंग्रजीसाठी आयईएलटीएसमध्ये सहसा ६.५ किंवा ७ लागतात, आणि प्रत्येक विभागात किमान गुणांची वेगळी अट असते. निकाल दोन वर्षं ग्राह्य धरला जातो. पुढे एचसीपीसीकडे जायचा विचार असेल, तर त्यांची अटही आत्ताच लक्षात घ्या: एकूण ७ आणि कुठल्याही विभागात ६.५ च्या खाली नाही. स्पीच अँड लँग्वेज थेरपिस्टसाठी ती एकूण ८ आणि प्रत्येक विभागात किमान ७.५ इतकी कडक आहे.

पूर्ण एमएससी १८० क्रेडिटची असते आणि एक क्रेडिट म्हणजे साधारण दहा तासांचा अभ्यास. ६० क्रेडिटवर पोस्टग्रॅज्युएट सर्टिफिकेट मिळतं, १२० वर डिप्लोमा, आणि उरलेले ६० बहुधा प्रबंधाचे. पूर्णवेळ केल्यास एक वर्ष लागतं. अर्धवेळचा पर्याय ब्रिटनमध्ये नोकरी करणाऱ्यांना सोयीचा आहे. स्टुडंट व्हिसावर अर्धवेळ शिकणाऱ्याला काम करण्याची परवानगीच नसते, आणि बरीच विद्यापीठं अर्धवेळासाठी व्हिसा पुरस्कृतही करत नाहीत. ऑनलाइन अभ्यासक्रमाला व्हिसा लागत नाही. नोकरी न सोडता शिकायचं असेल तर तो पर्याय जरूर तपासा.

अर्ज आणि कागदपत्रं

पदव्युत्तर प्रवेशासाठी सगळ्या विद्यापीठांचा मिळून एक सक्तीचा अर्ज नसतो. बहुतेक ठिकाणी त्या विद्यापीठाच्याच पोर्टलवर खातं उघडून अर्ज भरायचा असतो. पदवी प्रमाणपत्र, सर्व वर्षांचं ट्रान्सक्रिप्ट (विद्यापीठाने दिलेला विषयवार गुणांचा तपशील), इंटर्नशिप पूर्ण केल्याचा दाखला, अनुभवपत्रं, सीव्ही, पासपोर्ट, इंग्रजी परीक्षेचा निकाल, दोन शिफारसपत्रं आणि पर्सनल स्टेटमेंट एवढं जमवावं लागतं. आपल्याकडची व्यावसायिक नोंदणी असेल तर तीही जोडा.

ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाकडून यायला आठवडे जातात, म्हणून तो अर्ज सगळ्यात आधी टाका. नावाचा घोळही आत्ताच निस्तरा. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर वेगळा क्रम. लग्नानंतर अनुभवपत्रावर तिसरंच आडनाव, हे आपल्याकडे सर्रास दिसतं. विवाह प्रमाणपत्र किंवा नावबदलाचं राजपत्र हाताशी असलं की पुढे व्हिसाच्या वेळी अडत नाही.

शिफारसपत्रांपैकी एक शिक्षकाचं आणि एक कामावरच्या वरिष्ठांचं असावं. विद्यापीठ अनेकदा शिफारस करणाऱ्याला थेट ई-मेल पाठवतं आणि तो पत्ता संस्थेचा अधिकृत असावा अशी अपेक्षा असते. वैयक्तिक ई-मेलवरून आलेलं पत्र नाकारलं जाऊ शकतं. सरांना-मॅडमना आधी भेटा, तुम्ही कशासाठी अर्ज करताय ते सांगा, तुमचा सीव्ही द्या. नुसतं 'मेहनती आणि प्रामाणिक' लिहिलेलं पत्र कुणाच्याच उपयोगाचं नसतं.

सगळ्यात जास्त वेळ पर्सनल स्टेटमेंटला द्या. 'मला लहानपणापासून लोकसेवेची आवड' अशा वाक्यांनी निवड समितीला तुमच्याबद्दल काहीच कळत नाही. त्यांना बघायचं असतं की तुम्ही रुग्णाकडे कसं बघता. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये मान्य केलेली आयसीएफ ही चौकट या क्षेत्राचा पाया आहे. शरीराचं कार्य, रोजच्या कृती, समाजातला सहभाग आणि भोवतालची परिस्थिती या सगळ्यांचा ती एकत्र विचार करते. समजा, पक्षाघात झालेले एक गृहस्थ विभागात दहा मीटर नीट चालतात, पण घरी संडासला एकटे जात नाहीत. का? दाराला उंबरा आहे, घरच्यांना भीती वाटते, रात्री दिवा नसतो. तुम्ही हे कसं ओळखलं, काय बदललं, काय जमलं नाही आणि त्यातून कुठला प्रश्न मनात राहिला, हे लिहा. परिचारिका असाल तर मज्जारज्जूच्या इजेनंतरचं मूत्राशयाचं वेळापत्रक किंवा शय्याव्रण टाळण्याचं काम सांगा. समाजकार्यकर्ते असाल तर डिस्चार्जनंतर माणूस घरी टिकतो की परत दाखल होतो, याबद्दल सांगा. रुग्णाचं नाव, रुग्णालयाचं नाव, ओळख पटेल असा कुठलाही तपशील लिहू नका. गोपनीयता तिथे अतिशय गांभीर्याने घेतात. आणि स्टेटमेंट एजंटकडून लिहून घेऊ नका. तुमचं काम तुमच्याइतकं चांगलं तो सांगूच शकत नाही.

प्रबंधाचा विषय आत्ता पक्का नसला तरी चालतो. एवढं माहीत असू द्या की एनएचएसच्या (ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या) रुग्णांवर अभ्यास करायचा तर वेगळी नैतिक मंजुरी लागते आणि तिला महिने लागू शकतात. म्हणून एका वर्षाच्या अभ्यासक्रमात बरेच विद्यार्थी उपलब्ध संशोधनाचा पद्धतशीर आढावा घेतात.

ऑफरनंतर

आधी सशर्त ऑफर येते. अटी पूर्ण करून अनामत रक्कम भरली की विद्यापीठ सीएएस क्रमांक, म्हणजे प्रवेश पक्का झाल्याचा व्हिसासाठी लागणारा क्रमांक, देतं. तो सहा महिने वैध असतो आणि अभ्यासक्रम सुरू होण्याच्या सहा महिने आधीपासून व्हिसाचा अर्ज करता येतो. भारतातून जाणाऱ्यांना मान्यताप्राप्त केंद्रातून क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी लागते.

पैशांचा पुरावा हा व्हिसा नाकारला जाण्याचा मोठा धोका आहे. उरलेली फी अधिक राहण्याचा खर्च दाखवावा लागतो. नोव्हेंबर २०२५ पासून हा खर्च लंडनसाठी महिना १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड धरला जातो, जास्तीत जास्त नऊ महिन्यांसाठी. ही रक्कम खात्यात सलग २८ दिवस असावी लागते, एक दिवसही खाली जाऊन चालत नाही. खातं आईवडिलांचं असेल तर नात्याचा पुरावा आणि संमतिपत्र लागतं. शिवाय व्हिसाच्या अर्जासोबत भरायचा आरोग्य अधिभार विद्यार्थ्यांसाठी वर्षाला ७७६ पौंड आहे. वर्षभराच्या अभ्यासक्रमाला व्हिसा थोडा जास्त काळाचा मिळत असल्याने तो १,१६४ पौंड होतो. जानेवारी २०२४ पासून अशा एमएससीसाठी जाणाऱ्याला जोडीदार किंवा मुलांना सोबत नेता येत नाही. लहान मूल असलेल्यांनी हा मुद्दा घरी नीट बसून बोलावा.

पूर्णवेळ विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं. एमएससीमध्ये उन्हाळ्यातला प्रबंधाचा काळही सत्रातच धरतात, त्यामुळे तेव्हा पूर्णवेळ काम करू नका. स्वतंत्र व्यवसायाला परवानगी नाही. रिहॅब असिस्टंट किंवा सपोर्ट वर्कर म्हणून काम करायला एचसीपीसी नोंदणी लागत नाही आणि अनुभवही चांगला मिळतो.

शिष्यवृत्तीसाठी फार आधी हलावं लागतं. चीव्हनिंग या ब्रिटिश सरकारच्या शिष्यवृत्तीचे अर्ज आदल्या वर्षी ऑगस्टच्या सुमारास सुरू होऊन ऑक्टोबरमध्ये बंद होतात. त्यासाठी किमान २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षणानंतर दोन वर्षं मायदेशी परतण्याची अट आहे. तिथेच राहून नोकरी करायचा बेत असेल, तर ही शिष्यवृत्ती तुमच्यासाठी नाही.

शिक्षणानंतर तिथे राहून काम करू इच्छिणाऱ्यांसाठी ग्रॅज्युएट व्हिसा आहे. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना तो दोन वर्षांऐवजी १८ महिन्यांचा मिळेल. त्या १८ महिन्यांतले निम्मे नोंदणीची वाट बघण्यात घालवायचे नसतील, तर एचसीपीसीचा अर्ज अभ्यासक्रम चालू असतानाच टाका. त्यात तुमच्या मूळ पदवीचा विषयवार तपशील, क्लिनिकल तास आणि अनुभव त्यांच्या मानकांशी ताडून पाहिला जातो. पदवीचा संपूर्ण अभ्यासक्रम आणि पोस्टिंगच्या तासांचं कॉलेजचं सही-शिक्क्याचं पत्र निघण्यापूर्वीच घेऊन ठेवा. तिथे गेल्यावर फोनवरून ते मिळवणं फार अवघड जातं.